बादशहा आमचा कोण लागतो?

गेल्या पावसाळ्यात आम्ही ठरवून राजेलोकांची पुस्तके वाचून काढली. काही पूर्वी वाचलेली होती, ती पुन्हा वाचली. काही नव्याने मिळवली. 'छावा' आणि 'श्रीमान योगी' घरातच होती, वडिलांनी वर्तमानपत्राचे वेष्टण घालून कपाटात जपलेली. ना. सं. इनामदारांच्या 'शहेनशहा' आणि 'राऊ' मोहल्ल्यातल्या वाचनालयातून आणल्या. विश्वास पाटलांची 'पानिपत' आणि 'संभाजी' एका मित्राकडून. बाबराची आत्मकथा आणि त्याची मुलगी गुलबदन बेगम हिने लिहिलेला 'हुमायूंनामा' या दोन पुस्तकांसाठी मात्र बरीच खटपट करावी लागली. जोडीला रद्दीवाल्याकडून नसीम हिजाझींच्या उर्दू कादंबऱ्या आणि बाबूराव अर्नाळकरांचा एक गठ्ठा. घरचे म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागले.

वेड नव्हते. निमित्त होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट आला. शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी १९७९ ची; म्हणजे पंचेचाळीस वर्षे ती महाराष्ट्राच्या घराघरांत शांतपणे वाचली जात होती. पडद्यावर आली आणि महिन्याभरात खुलदाबादची कबर उखडण्याची भाषा सुरू झाली. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणत होते. चित्रपटात मोगलांचे सोने पाहिले, ते इथेच पुरलेले असणार म्हणून! त्याआधी जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाईलवरच्या 'स्टेटस'वरून शहर पेटले होते. म्हणून आम्हाला वाटले, ज्या पुस्तकांवरून आमची दुकाने बंद होतात ती पुस्तके एकदा नीट वाचावीत. वाचली. आणि आता जे म्हणायचे आहे ते तिकडच्यांना आवडणार नाही आणि इकडच्यांना तर मुळीच नाही.

आधी तिकडचे.

लोकप्रिय मराठी ऐतिहासिक कादंबरीत मुसलमान कसा बोलतो हे कधी लक्षात घेतले आहे का? सगळे गाव शुद्ध मराठीत बोलत असते. मावळा बोलतो, कारकून बोलतो, घोड्याला चारा घालणाराही अलंकारिक बोलतो. आणि खानाचा माणूस दारात आला की 'हम तुमको छोडेंगे नही' सुरू होते. अधूनमधून 'या अल्ला', 'तौबा तौबा'. एका हातात बकऱ्याची तंगडी, दुसऱ्या हातात सुरई. आता आदिलशाहीचे काय होते? पहिल्या इब्राहीम आदिलशहाने फार्सी बाजूला सारून हिशेबाचे दप्तर मराठीत आणले. तिथल्या फौजेत मराठे सरदार होते, गावचे पाटील-कुलकर्णी त्याच राज्याचे वतनदार होते. दुसरा इब्राहीम दखनीत कवने रचत होता आणि त्याच्या 'किताब-ए-नौरस'ची सुरुवात सरस्वती आणि गणपतीच्या स्तुतीने होते. अशा राज्यातला शिपाई मुंबईच्या सिनेमातली हिंदी कुठून शिकला? आमच्या घरात आजी दखनी बोलायची, बाजारात गेली की मराठी. दोन्ही भाषा तिच्याच होत्या. कादंबरीकाराने तिच्या तोंडची मराठी काढून घेतली, आणि ती काढून घेतल्याचे त्याच्या ध्यानातही आले नाही.

सगळेच लेखक असे नाहीत, हे कबूल केले पाहिजे. 'पानिपत'मधला इब्राहिमखान गारदी आम्हाला माणूस म्हणून भेटतो. १४ जानेवारी १७६१ ला त्याच्या गारद्यांनी दुपारपर्यंत रोहिल्यांची दाणादाण उडवली, नंतर तो जखमी अवस्थेत सापडला आणि अब्दालीच्या गोटात मारला गेला. त्याचे ते उभे राहणे पाटलांनी मोठ्या मनाने लिहिले आहे. आणि इनामदारांची 'शहेनशहा' हा तर मराठीतला एक चमत्कारच म्हटला पाहिजे. औरंगजेबाला नायक करून, त्याच्या डोक्यात शिरून एक मराठी लेखक सलग एवढी पाने लिहितो, आणि ती कादंबरी मराठी वाचक आवडीने वाचतो! कोणी पुतळे जाळले नाहीत. तो महाराष्ट्र कुठे गेला, असे विचारण्याचा मोह होतो. पण जुना काळ सगळा सोन्याचा होता असेही आम्ही म्हणणार नाही.

'छावा' आम्ही पंधराव्या वर्षी पहिल्यांदा वाचली. संगमेश्वरला संभाजीराजे पकडले जातात तिथून पुढे आम्ही रडत रडत वाचत होतो. शेजारच्या खोलीत आजी तसबीह ओढत बसली होती. आपण चुकीच्या माणसासाठी रडतो आहोत असे तिने म्हटले नाही, आम्हालाही वाटले नाही. आता वाचताना सावंतांची भाषा फार नटलेली वाटते, दर पानावर दागिने. तरीही कादंबरीत निदान श्वास घ्यायला जागा आहे. बापाविरुद्ध बंड केलेला औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला, ही गोष्ट इतिहासात आहे. ती नीट समजावून घेतली तर 'हिंदू राजा विरुद्ध मुसलमान बादशहा' हे गणित तिथल्या तिथे फसते. पडद्याला फसलेले गणित नको असते. त्याला तीन तासांत उत्तर हवे.

'श्रीमान योगी'च्या बाबतीत मात्र एक कबुली देतो. कादंबरी आम्ही एकदा वाचली, नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना दोनदा. नांदेडच्या त्या मास्तरांनी शिवाजीराजांकडे राज्य उभे करणारा माणूस म्हणून पाहिले. कारभार, रयत, माणसे निवडणे. त्या प्रस्तावनेत राजे आम्हाला कादंबरीपेक्षा जास्त भेटले. ज्यांच्या घरात ती कादंबरी आहे त्यांनी पुढची पाने सोडून एकदा तेवढीच वाचावीत.

आता इकडचे. म्हणजे आपले.

आपल्या सभांमध्ये, आपल्या अंकांमध्ये गेली तीस-पस्तीस वर्षे एक यादी फिरते आहे. शिवाजीराजांच्या सैन्यात कोणकोण मुसलमान होते याची. नूरखान बेग, दर्यासारंग दौलतखान, सिद्दी इब्राहीम, काझी हैदर, मदारी मेहतर. गोविंद पानसरेंनी 'शिवाजी कोण होता?' या छोट्या पुस्तकात असे दाखले दिले, ते एक मुद्दा पटवण्यासाठी: त्या काळची भांडणे राज्याची होती, धर्माची नव्हती. त्या पुस्तकाच्या लेखकाला २०१५ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा मुद्दा आपण बाजूला ठेवला आणि यादी तेवढी उचलली. आता ती यादी आपण दाखल्यासारखी खिशात घेऊन फिरतो. कोणी अडवले की काढून दाखवायची: बघा साहेब, आमचाही एक माणूस महाराजांजवळ होता. त्या यादीतला मदारी मेहतर समकालीन कागदांत सापडत नाही असे इतिहासाचे जाणकार सांगतात, आणि काझी हैदर पुढे मोगलांकडे गेला, हेही आपण सांगत नाही. का सांगत नाही? कारण आपल्याला इतिहास नको, पावती हवी आहे. या मातीत चारशे-पाचशे वर्षे राबलेल्या माणसांनी इथे राहण्याचा हक्क एका अंगरक्षकाच्या नावावर का सिद्ध करायचा? शेजारचा माळी, कुणबी असा दाखला काढत नाही.

हे नुसते तात्त्विक दुखणे नाही. आमचा भाचा चौथीत होता. चौथीचे इतिहासाचे पुस्तक म्हणजे शिवछत्रपती, त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रतापगड ठरलेला. बाईंनी भाच्याला अफजलखान केले. अंगाने तोही काही दांडगा नाही. बाई म्हणाल्या, 'तुमच्यात तसला पोशाख घरी असेल ना?' बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. पोराला दम्याचा त्रास झाला तेव्हा त्याच बाई त्याला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या होत्या. पोराने घरी येऊन विचारले, 'मामू, मैं महाराज कायकू नै बन सकता?'

आम्ही शाळेत गेलो. मोठ्या रुबाबात ती यादी बाईंपुढे ठेवली. बाईंनाही पटले. त्यांनी अफजलखानाचे काम दुसऱ्याला दिले आणि भाच्याला सिद्दी इब्राहीम केले. राजांच्या मागे तलवार धरून उभे राहायचे, एक शब्द बोलायचा नाही. पोराला तलवार मिळाली म्हणून तो खूष. बहीण म्हणाली, 'भाई, कम से कम इसमें मरनेका तो नै.' आणि आम्ही घरी येताना रस्त्यात थांबलो. आम्ही काय मिळवले होते? दुष्ट खान नाहीतर मुका पहारेकरी. ज्या दोन जागा कादंबरीने आम्हाला ठेवल्या होत्या, त्यांतल्या एकीतून उठून आम्ही आपल्याच पायांनी दुसरीत जाऊन बसलो होतो.

यादीवाल्यांपेक्षा वाईट ते, जे औरंगजेबाला आजोबा करून बसले आहेत. हे बहुतेक पोरसवदा आहेत. त्यांना जाहीर सभेत 'औरंग्याची औलाद' म्हटले जाते आणि ते चिडून म्हणतात, हो, आहे! मग मोबाईलवर फोटो, मग पोलीस, मग आई ठाण्याच्या पायरीवर. पोरांनो, तुम्हाला दिलेली शिवी तुम्ही छातीवर बिल्ल्यासारखी लावता आहात, तेव्हा हा आजोबा कोण होता ते एकदा वाचा तरी. बापाला त्याने आग्र्याच्या किल्ल्यात मरेपर्यंत कोंडले. शहाजहान १६६६ मध्ये तिथेच वारला. उपनिषदांचे फार्सीत भाषांतर करणारा भाऊ दारा शुकोह १६५९ मध्ये मारला. सरमदसारख्या फकिराचे शीर उडवले. आणि दख्खनमध्ये येऊन पहिल्यांदा कोणाची राज्ये बुडवली? १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा. दोन्ही मुसलमान राज्ये, दोन्ही ठिकाणी मशिदींत अजान चालू. त्याचा मुख्य काझी शेख-उल-इस्लाम याने मुसलमान राज्यांवरची ही चढाई योग्य नाही अशी भूमिका घेतली आणि पद सोडले. आपल्यातल्या किती जणांना त्या काझीचे नाव ठाऊक आहे? बादशहाच्या तोंडावर नाही म्हणणारा तो माणूस कुणाच्या मोबाईलवर नाही, आणि टोप्या शिवणाऱ्या बादशहाचा किस्सा मात्र प्रत्येक वाजाला.

तो पापी होता म्हणून कबर उखडा, असे आमचे म्हणणे नाही. नीट समजून घ्या. खुलदाबादला शेख झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात ती उघडी, साधी कबर आहे. मातीतल्या माणसाशी कोणी भांडत नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो मेला तेव्हा नव्वदीला टेकला होता, आणि मुलांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रांत आपण रयतेचे नीट पाहिले नाही अशी खंत त्यानेच व्यक्त केली आहे. म्हणजे जे त्याने स्वतः कबूल केले ते त्याचे मोबाईलवरचे नातू कबूल करायला तयार नाहीत!

आणि ही नाती तरी कुठली? आपल्या आडनावांकडे पाहा. पिंजारी, तांबोळी, बागवान, मुलाणी, आतार, मणियार, शिकलगार, मोमीन. आपले पूर्वज कापूस पिंजत होते, पाने विकत होते, बांगड्या भरत होते, हत्यारांना धार लावत होते. बादशहाच्या छावणीत आपला पूर्वज असलाच तर तो पखाल वाहणारा असणार. तख्ताशी आपला संबंध सारा भरण्यापुरता.

बाबराचे पुस्तक वाचताना हे फारच ठळक जाणवले. 'बाबर की औलाद' ही दुसरी शिवी. मूळ तुर्कीत लिहिलेले हे पुस्तक, अकबराच्या काळी अब्दुर्रहीम खानखानानने फार्सीत आणले. शिवी देणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी, दोघांनीही ते वाचावे. हा माणूस हिंदुस्थानविषयी किती कुरकुर करतो! चांगली खरबुजे नाहीत, बर्फ नाही, हमाम नाहीत, बाजारात चांगली भाकरी नाही. काबूलहून आलेले खरबूज कापताना त्याला रडू कोसळते. मेल्यावर त्याला नेऊन पुरले तेही काबूललाच. ज्याला इथली हवासुद्धा सोसली नाही तो, आणि जे पिढ्यान्पिढ्या इथल्याच भाकरीवर जगले ते आम्ही, यांचे नाते कसले? पण पुस्तक म्हणून विचाराल तर या सगळ्या ढिगात बाबरच आम्हाला सर्वांत आवडला. तो स्वतःविषयी खोटे बोलत नाही. हरला की हरलो म्हणतो. तारुण्यात एका मुलावर जीव जडला आणि तो समोर आला की मान वर करता येईना, हेही लिहितो. दारू किती प्यालो, खानव्याच्या लढाईआधी ती कशी सोडली आणि नंतर तिची आठवण कशी छळत होती, तेही लिहितो. अबुल फजलने अकबराचे चरित्र लिहिले त्यात अकबराला घामसुद्धा येत नाही. त्याच दरबारात बदायूनी चोरून दुसरा इतिहास लिहीत होता, तो जहांगीराच्या काळात उजेडात आला. बदायूनी कडवट होता, हेकट होता, त्याची मते आम्हाला मान्य नाहीत. पण अबुल फजलची दहा पाने वाचल्यावर बदायूनीचे एक पान वाचावेसे वाटते. अबुल फजलला एकाच अकबराला खूष ठेवायचे होते. आजच्या आपल्या कादंबरीकाराला लाखभर अकबर खूष ठेवावे लागतात.

आणि गुलबदन! राजवाड्यातली बाई लिहिते तेव्हा लढाया दोन ओळींत संपतात आणि कोण कुणावर रुसले, कोणाचे मूल वाटेत गेले, कुणी कुणाला काय आहेर केला याला पाने लागतात. हुमायूं राज्य गमावून सिंधच्या वाळवंटात भटकतो आहे, त्याला हमीदाबानूशी लग्न करायचे आहे आणि ती मुलगी चाळीस दिवस नकार देते. ज्याच्या गळपट्टीपर्यंत माझा हात पोचेल असा नवरा मला हवा, ज्याच्या झग्याच्या काठालाही हात लागणार नाही असा नको, अशा अर्थाचे ती बोलते. ही अकबराची आई. सगळ्या मराठी-उर्दू राजेशाही कादंबऱ्यांतल्या बेगमा एकत्र केल्या तरी या एका उत्तराची सर येणार नाही. पुस्तकाची हाती असलेली प्रत मध्येच तुटते. पुढचे गेले.

उर्दूकडे वळून आम्हाला समाधान मिळेल असे वाटले होते. मिळाले नाही. अब्दुल हलीम शररने स्कॉटची क्रूसेडवरची कादंबरी वाचली, तिच्यातल्या मुसलमानांच्या चित्रणाने तो संतापला आणि १८८८ मध्ये उत्तर म्हणून 'मलिकुल अजीज वर्जिना' लिहिली. इकडे थोड्याच वर्षांत हरि नारायण आपटे 'उषःकाल' लिहीत होते. दोघेही इंग्रजी राज्यात दबलेले, दोघांच्याही पुढ्यात स्कॉट. (हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ', म्हणजे टिपू, आणि तोही मेडोज टेलर या इंग्रज अंमलदाराच्या पुस्तकावरून घेतलेला. आपले राजेही आपण साहेबाकडून उसने आणले!) शररनंतर नसीम हिजाझींपर्यंत ही गाडी आली. तरुण मुजाहिद, गोरी शहजादी, ती त्याच्यावर भाळणार, शत्रू भेकड आणि दारुडा. नावे बदला, पोशाख बदला, तीच कादंबरी मराठीत होते. आमच्या वडिलांच्या पिढीने हिजाझी वाचून माना ताठ केल्या आणि सकाळी त्याच माना खाली घालून मागावर बसले.

त्यापेक्षा अर्नाळकर परवडले, इब्ने सफी परवडले. झुंजार आणि काळा पहाड, फरीदी आणि इम्रान. बाबूरावांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतली एकही खरी आहे असा दावा केला नाही. आमच्या मोहल्ल्यात दोघांचे वाचक तेच होते. एका रात्री झुंजार, दुसऱ्या रात्री इम्रान. झुंजारच्या अपमानासाठी कोणी एस.टी. फोडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. साहित्यिक मंडळी त्यांना हलके म्हणत. असतील. पण इतिहासाचा अंगरखा घालून आलेली करमणूक जे करते ते त्यांनी केले नाही.

आता शेवटचे गाऱ्हाणे, आणि ते स्वतःशीच. मुस्लिम मराठी लेखकांनी कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, भाषणे तर विचारू नका. हमीद दलवाईंनी १९६५ मध्ये 'इंधन' लिहून कोकणातल्या गावाचे पोट उघडून दाखवले. त्यांच्या बाकीच्या मतांवर भांडत राहा, पण ती कादंबरी वाचा. इतिहासाचे काय? इथिओपियात जन्मलेले एक पोर गुलाम म्हणून बाजारोबाजार विकले जाते, निजामशाहीत येते, पुढे राज्य चालवते, मोगलांना दमवते, १६१० मध्ये खडकी वसवते, डोंगरातून शहरात पाणी आणते. तेच खडकी पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक मलिक अंबरच्या नहरीवर उभे राहून भांडतात. ती नहर खोदणाऱ्या मजुरांची, खापराचे नळ भाजणाऱ्या कुंभारांची गोष्ट आपण लिहायला हवी होती. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणतात आणि आपणही पोरांना तेच सांगतो. किल्ला लढवणारी ती बाई १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. तिच्याविषयी आपल्याला एवढेच ठाऊक, तेही चुकीच्या इमारतीपाशी उभे राहून.

जाता जाता एक सूचना. वाचनालयातली 'शहेनशहा'ची जी प्रत आम्ही परत केली ती आता फळीवर नाही आणि नोंदवहीत कोणाचे नावही नाही. ज्याने नेली असेल त्याने सावकाश वाचावी, घाई नाही. आमचा भाचा आता आठवीत आहे आणि तो तिची वाट पाहतो आहे.